हळू वाजणारा माऊथपीस

आमच्या वडगावात संध्याकाळी सातपर्यंत क्लॅरिनेट वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही. घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग आहेत आणि ते चालू असले की समोरच्या माणसाशी बोलायचे झाले तरी खुणा कराव्या लागतात. अशा ठिकाणी शिकाऊ माणसाच्या बेसूर फुंकरीची तक्रार करणार कोण? पहिले सहा महिने मी या खडखडाटाच्या आडोशाला बसून वाजवले. मला वाटत होते, मी क्लॅरिनेट शिकतो आहे. खरे म्हणजे मी मागांशी भांडायला शिकत होतो.

एका संध्याकाळी वीज गेली. माग एकदम थांबले. मी थांबलो नाही, कारण डोळे मिटून जीव खाऊन फुंकत होतो. सगळ्या गल्लीने त्या दिवशी माझा निषाद पहिल्यांदा ऐकला. बदकाच्या शेपटीवर पाय पडावा तसा तो आवाज होता, असे धाकट्या बहिणीचे मत पडले. थोड्या वेळाने शेजारच्या अज्जी दाराशी आल्या. त्या कन्नड बोलतात, आम्ही मराठी बोलतो आणि दोन्ही घरांत दोन्ही भाषा कळतात. त्या रागावल्या नाहीत. "मेल्लग ऊदप्पा," हळू फुंक रे बाबा, एवढेच म्हणाल्या. त्यांची नात पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा अभ्यास माग बंद झाल्यावरच सुरू होतो, हे मला तेव्हा कळले. त्याच सुमारास माझ्याही कॉलेजच्या वेळा बदलल्या. प्रॅक्टिकल संपवून घरी पोचेपर्यंत माग थांबायची वेळ झालेली असायची. म्हणजे आता वाजवायचे तर रात्री आठ ते नऊ, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात. नाहीतर वाद्य पेटीत ठेवून द्यायचे.

तेव्हापासून मी 'हळू वाजणारा माऊथपीस' शोधू लागलो. माझ्यासारखे आणखीही कोणी असतील. आपल्या कन्नड विभागातल्या एका मित्राने परवाच मला हा प्रश्न विचारला. त्याला उत्तर देता देता हा लेख झाला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना क्लॅरिनेटमध्ये रस नाही त्यांना पान उलटता येईल. हळू वाजणारा माऊथपीस नावाची वस्तू बाजारात नाही. मात्र थोड्या श्वासाला लगेच जाब देणारा माऊथपीस असतो. शिकाऊ माणसाने तो घ्यावा, आणि हळू वाजवणे ही कमी प्रतीची गोष्ट आहे हे डोक्यातून काढून टाकावे. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे. त्याचे कारण आमच्या घरात मामांच्या रूपाने बसलेले असते.

मामा वीस-बावीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. माझे वाद्य त्यांचे, माऊथपीसही त्यांचाच. त्याच्या वरच्या बाजूला त्यांच्या पुढच्या दातांनी दोन खळगे पडले आहेत. माझे दात त्यांत बसत नाहीत, पण पहिले काही दिवस मी ते मुद्दाम बसवून पाहत असे. वरातीत पुढे ताशा, मागे ढोल, बाजूला ट्रम्पेट, अंगावर मोकळे आकाश. अशा वेळी गाण्याची चाल लोकांच्या कानापर्यंत पोचवायची तर माऊथपीसचा जबडा मोठाच हवा. मामांचा तसाच आहे. पुढे डी.जे. आला. त्याच्यापुढे बँडवाल्यांनी आणखी जोर लावून पाहिला, पण भिंतीएवढ्या स्पीकरांशी छातीच्या भात्याने किती झुंजायचे? मामांचा हंगाम आटत आटत गेला आणि वाद्य माझ्याकडे आले. ते देताना त्यांनी एकच धडा दिला होता, "आधी जोर येऊ दे, सूर मागनं येतोय."

मला आता वाटते की हा धडा रस्त्यासाठी खरा होता, खोलीसाठी नव्हता.

जबडा म्हणजे काय ते सांगतो. क्लॅरिनेटचा माऊथपीस हे चोचीच्या आकाराचे, वाद्याच्या डोक्यावर बसणारे टोक. त्याच्या खालच्या बाजूला वेताजातीची चपटी पट्टी, म्हणजे रीड, बांधलेली असते. बाजूच्या कडा पुढे येता येता किंचित वळलेल्या असतात, त्यामुळे रीडचे टोक माऊथपीसच्या टोकाला टेकत नाही, मध्ये फट राहते. ही फट आणि तो वळण सुरू होण्याची जागा, या दोन गोष्टींवर बहुतेक सगळे अवलंबून असते. फट किती, तर शिकाऊ मुलांना जगभर दिला जाणारा यामाहाचा '४ सी' घेतला तर १.०५ मिलिमीटर. व्हँडोरेनचा '५ आर.व्ही.' १.०६५, त्याच कंपनीचा फार खपणारा 'बी ४५' १.१९५, आणि जॅझसाठी केलेला '५ जे.बी.' १.४७. म्हणजे '४ सी' आणि 'बी ४५' यांच्यातला फरक वहीच्या दीड पानाच्या जाडीएवढा. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटेल. मलाही वाटले होते. पण शिकाऊ माणसाच्या ओठाला दीड पान खूप जड जाते.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून इथे थोडे गणित सांगितल्याशिवाय राहवत नाही. हलके फुंकले तर रीड हलत नाही, नुसता वारा जातो. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ती थरथरू लागते आणि सूर सुरू होतो. फारच जोराने फुंकले तर ती माऊथपीसला चिकटून बसते आणि सूर बंद पडतो. नळीतले नुकसान न धरता केलेला सोपा हिशोब सांगतो, की रीड चिकटवायला जेवढा दाब लागतो त्याच्या सुमारे एक तृतीयांश दाबाला सूर सुरू होतो. आता रीड चिकटवायला किती दाब लागणार हे दोन गोष्टी ठरवतात, फट किती मोठी आणि रीड किती ताठ. फट मोठी, रीड ताठ, तर सुरुवातीचा उंबरठाच उंच. मग शिकाऊ माणूस तो ओलांडण्यासाठी जोर लावतो आणि सूर निघतो तो मोठाच निघतो. त्याला हळू वाजवायचे नसते असे नाही. हळूपर्यंत जाणारा रस्ता त्याच्या वाद्यात नसतो.

हे मला समजण्याआधी मी दोन मूर्खपणे केले. पहिला रीडचा. रीडवर ताठरपणाचे नंबर असतात, दीड, दोन, अडीच, तीन असे चढते. मामा आपल्या मोठ्या जबड्यावर दीड नंबरची मऊ रीड लावीत, त्यामुळे त्यांचे निभत होते. मी तीन नंबर आणला. परीक्षेत जसे जास्त गुण चांगले, तसे रीडचेही असेल अशी माझी समजूत. त्यानंतरचे माझे वाजवणे म्हणजे लोहाराचा भाता.

दुसरा मूर्खपणा शिष्यवृत्तीच्या पैशांतून झाला. एका दुकानदाराने मला "अगदी सायलेंट पीस" म्हणून एक माऊथपीस विकला. दुकानाचे नाव सांगत नाही. दुकानदाराला तरी त्यातले काय कळत होते कोण जाणे. पिसावर कंपनीचे नाव नाही, नंबर नाही. फट इतकी बारीक की रीड जवळजवळ टेकलेली. तो खरोखर शांत होता. निम्म्या वेळा वाजतच नव्हता. हलके फुंकले की मूग गिळून बसायचा, जरा जोर केला की रीड चिकटायची आणि सुटताना किंचाळायची. सूर मिळवायला मी दातओठ खाऊ लागलो, तसतसा तो चढत गेला, बारीक आणि चिमटलेला. अज्जींच्या नातीने बहिणीजवळ निरोप पाठवला, की आधीचा मोठा आवाज बरा होता, निदान तो अचानक येत नसे.

मधल्या काळात घरगुती उपायही झाले. वाद्याच्या खालच्या भोंग्यात पंचा कोंबून पाहिला. इतर काही वाद्यांना त्याने फरक पडतो, क्लॅरिनेटला पडत नाही. कारण आवाज मुख्यतः पहिल्या उघड्या भोकांतून बाहेर पडतो, भोंग्यातून नव्हे. सगळी भोके बंद असतात तो अगदी खालचा सूर तेवढा भोंग्यावर अवलंबून. पंच्याने तोच एक बिचारा बिघडला, बाकीचे होते तसे राहिले. त्यापेक्षा गाद्या-गोधड्यांच्या चळतीकडे तोंड करून बसणे पुष्कळ बरे. कापूस आवाज खातो, आणि गोधड्या प्रत्येक घरात असतात.

शेवटी मार्ग दाखवला तो कॅम्प भागात राहणाऱ्या एका निवृत्त लष्करी वादकांनी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे अशी माणसे आपल्या गावात भेटतात, हे आपले भाग्य. पण आपण त्यांच्याकडे जात नाही. लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेटचा मान मोठा. पाश्चात्त्य वाद्यवृंदात जे काम व्हायोलिने करतात, ते तिथे क्लॅरिनेटांकडे असते. या काकांनी माझा 'सायलेंट पीस' हातात घेतला, उजेडाकडे धरला, मग खिडकीच्या काचेच्या एका तुकड्यावर त्याची सपाट बाजू ठेवली आणि कागदाची पट्टी फटीतून आत सरकवली. डाव्या कडेला कागद जिथे अडला, उजव्या कडेला त्याच्या बराच पुढे गेला. "एक गाल बसलेला आहे," ते म्हणाले. "यावर मीसुद्धा वाजवू शकणार नाही." गेले चार महिने मी स्वतःला नालायक समजत होतो, त्यातले निदान अर्धे ओझे तिथे उतरले. नवा माऊथपीस घेणाऱ्याने ही काच-कागदाची परीक्षा जरूर करावी. तिला पैसे पडत नाहीत, आणि दुकानदार वैतागला तर त्यावरूनही काही समजते.

त्यांच्या सल्ल्याने मी '४ सी' घेतला. त्यात दिमाखाचे काही नाही. तो महागड्या एबोनाइटचाही नाही. पण त्याच्या दोन्ही कडा सारख्या आहेत, फट मध्यम-बारीक आहे आणि वळण फार आखूड नाही, फार लांबही नाही. त्यावर दोन नंबरची रीड. पहिल्या रात्री मी खालचा एक सूर लावला आणि तो लागला! मी फुंकलो असे वाटलेच नाही, नुसता श्वास सोडल्यासारखे वाटले. आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला नाही. आईने जेवायला हाक मारली तेव्हा तिला वाटत होते मी पुस्तक वाचतो आहे.

मोबाईलवर आवाज मोजायचे एक साधन असते, त्याने मी दोन्ही माऊथपीस ताडून पाहिले. कमाल जोराने वाजवले तर दोघांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. '४ सी'देखील मनात आणले तर गल्ली जागी करतो. फरक खालच्या टोकाला होता. मामांच्या पिसावर माझा सर्वांत हळू सूर जिथे संपत होता, त्याच्या बराच खाली '४ सी'वर सूर जिवंत राहत होता. म्हणून मी म्हणतो की माऊथपीस आवाज कमी करीत नाही, फक्त उंबरठा खाली आणतो. ओलांडायचे आपल्यालाच.

आणि इथे एक गोष्ट आपल्या बासरी वाजवणाऱ्या मित्रांसाठी. बासरीवर वरच्या सप्तकात जायला फुंकर वाढवावी लागते, आणि त्याच बोटांवर तोच स्वर वर मिळतो. क्लॅरिनेट एका बाजूने बंद असलेल्या सरळ नळीसारखे वागते, म्हणून मागची रजिस्टरची चावी उघडली की षड्जाच्या बोटांवर वरचा षड्ज मिळत नाही, तार सप्तकातला पंचम मिळतो. ही उडी चावी मारते, फुंकर नव्हे. पण बासरीवरून आलेला माणूस सवयीने तिथे जोर करतो आणि नेमका तिथेच चीत्कार निघतो. शेजाऱ्यांना त्रास होतो तो बहुधा या जागी होतो, सलग सुरांचा होत नाही. चांगल्या माऊथपीसवर ही उडी हलक्या श्वासात मारता येते. रोज दहा मिनिटे एवढेच करावे. मी केले, आणि अज्जींकडून निरोप येणे थांबले.

आपल्याकडच्या पावसाचेही थोडे सांगितले पाहिजे. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा रीडला मानवत नाही. ती फुगते, वाकते, आणि काल हलकी वाजलेली आज जड होते. तेव्हा माऊथपीसला दोष देऊ नये. दोन-तीन रीडा आलटूनपालटून वापराव्या, वाजवून झाल्यावर पुसून सपाट ठेवाव्या. मात्र याच दिवसांत कौलांवर पाऊस इतका वाजतो की आपण काय करतो आहोत ते कोणाला ऐकू जात नाही. मला त्याचा मोह होतो, आणि मी तो आता टाळतो.

क्लॅरिनेट हे मुळातच दणक्याचे वाद्य आहे, ही समजूत आपण वरातीतून घेतली. मोझार्टने १७८९ साली जे क्लॅरिनेट-पंचक लिहिले त्यात या वाद्याच्या जोडीला फक्त चार तंतुवाद्ये आहेत. चौघांना दडपून चालत नाही. इकडे तंजावरकडे एकोणिसाव्या शतकात महादेव नट्टुवनार यांनी क्लॅरिनेट नृत्याच्या साथीला आणले, तिथेही गाणाऱ्याच्या गळ्याखालीच राहायचे. पुढे ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीताच्या मैफलीत त्याला मुख्य जागेवर बसवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सर्व मी मामांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. रस्त्यावर चालत चालत, उन्हात, चार तास सूर न सोडणे हे मला जन्मात जमणार नाही. बँडवाल्यांना हसणारी सुशिक्षित माणसे मला आवडत नाहीत. त्यांच्या लग्नात याच बँडवाल्यांनी वाजवलेले असते. माझे म्हणणे एवढेच, की रस्त्याचे हत्यार घेऊन शिकायला बसू नये, आणि घरच्या माणसांनी त्यासाठी मुलाला भित्रा म्हणू नये.

आता थोडे आपल्या महाविद्यालयाबद्दल. आपल्या वाद्यांच्या कपाटात एक हार्मोनियम, दोन तबल्यांच्या जोड्या आणि एक ट्रम्पेट आहे. कपाट पंधरा ऑगस्टला आणि स्नेहसंमेलनाला उघडते. दुपारी चारनंतर अनेक वर्ग रिकामे असतात. त्यांतला एक, निदान आठवड्यातून तीन दिवस तासभर, वाजवणाऱ्यांना उघडा ठेवला तर कोणाचे काय जाईल? भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी आणि हॉस्टेलवर राहणारी मुले वाद्य सोडून देतात ती आवड नसते म्हणून नव्हे, ओशाळून सोडतात. मी स्वतः त्याच्या अगदी जवळ जाऊन आलो आहे.

माऊथपीस बदलल्याचे मी मामांना बरेच दिवस सांगितले नव्हते. दिवाळीत ते आले आणि पेटी उघडताच त्यांच्या ध्यानात आले. त्यांचा जुना पीस मी पंच्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता. "हळू वाजवायला वाद्य कशाला घ्यायचं रे? काय वाजवूलास तरी काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण लागले होते. काय बोलावे ते मला सुचेना. मी नवा माऊथपीस पुसून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी नेहमीसारखी छाती भरून घेतली, तशी मी म्हटले, "मामा, शेजारी अभ्यास चालू आहे." त्यांनी भरलेला श्वास सोडून दिला. मग अगदी थोडा घेतला. खालच्या पट्टीत, वरातीत कधी न ऐकू येणाऱ्या त्या जाड, लाकडी सुरांत त्यांनी एका जुन्या सिनेमातल्या गाण्याची चाल सुरू केली. आई पोळ्या लाटीत होती, तिचे लाटणे थांबले. मामा मध्येच थांबले, वाद्याकडे पाहिले, पुन्हा त्याच सुरावर आले आणि तो विझेपर्यंत लांबवत नेला. दोनदा केले, तीनदा केले. नळ ठिबकत होता तो ऐकू येत होता.

नंतर त्यांनी माऊथपीस काढून पुसला, रीडला अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाले, "पत्ती जरा मऊ आहे. पुढच्या खेपेला अडीच आण. आणि माझा पीस त्या पंच्यात ठेवू नको, ओल धरतोय."